नळीवरचं नाव आणि दस्त्याखालचा माणूस

नागपुरातल्या महाल, धंतोली, सिव्हिल लाइन्स अशा जुन्या वस्त्यांमधल्या काही घरांत आजोबांची दुनळी बंदूक अजून कपाटात असते. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर लंडनच्या किंवा कलकत्त्याच्या दुकानाचं नाव कोरलेलं असतं. घरचे मात्र सांगतात, "ही आपल्या इथल्या मिस्त्रीनं करून दिलेली आहे." ऐकणारा पट्टीवरचं नाव खरं धरतो आणि घरच्यांचं बोलणं कौतुकाचं म्हणून सोडून देतो. बहुतेक वेळा दोन्ही खरं असतं. नळ्या विलायतेच्या, दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, इथला. कळ, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, बर्मिंगहॅमची, पण तिचे दोन स्क्रू आणि एक कमान (स्प्रिंग) इथली. ज्या माणसानं ती बंदूक एका ठरावीक गिऱ्हाइकाच्या खांद्याला आणि डोळ्याला बसवून दिली, त्याचं नाव मात्र बंदुकीवर कुठंच नसतं.

अशा कारागिराचा माग काढता येतो. त्याच्यावर पुस्तक नसतं, फोटो क्वचितच मिळतो, वारसांना "आजोबा बंदुकांचं काम करायचे" यापलीकडे फारसं ठाऊक नसतं. तरी त्याचं काम उरलेलं असतं, आणि सरकारी परवान्याशिवाय हा धंदा १८७८च्या शस्त्र कायद्यापासून करताच येत नसल्यामुळे कागदही उरलेला असतो. सुतार किंवा तांबटापेक्षा या माणसाचा शोध त्या अर्थानं सोपा आहे. फक्त क्रम चुकवायचा नाही: आधी वस्तू वाचायची, मग कागद, आणि आठवणी सगळ्यांत शेवटी. उलट्या क्रमानं गेलं की ऐकलेली गोष्ट डोक्यात बसते आणि बंदुकीवर तीच दिसायला लागते.

सुरुवातीला कायद्याचं बोलून घेऊ. १९५९चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ला लागू झाला, सध्याचे नियम २०१६चे आहेत. अभ्यासक असल्यानं कुणाला बंदूक ताब्यात घेण्याचा हक्क मिळत नाही. परवानाधारक समोर हजर हवा, बंदूक त्याच्या ताब्यात हवी, ती रिकामी आहे हे त्यानं उघडून दाखवायला हवं, आणि खोलीत काडतूस नको. कळ किंवा दस्ता सोडवायचा असेल तर ते काम परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर, त्याच्याच हातून. हौशी माणसाच्या हातातल्या चुकीच्या पेचकसानं शंभर वर्षांच्या स्क्रूची खाच पाच सेकंदात खराब होते, आणि त्या खाचेतच बरीचशी माहिती असते. "जुनी झाली, आता चालत नाही" म्हणून परवाना लागत नाही, ही समजूतही चूक आहे. सूट आहे ती दुरुस्त करूनही चालू न होऊ शकणाऱ्या जुन्या शस्त्राला, आणि तसं आहे की नाही हे ठरवणं घरच्यांच्या हातात नाही.

हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही, त्याला एक कारण आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. ज्यांच्याकडे तीन होती त्यांना एक सोडावं लागलं. साहजिकच लोकांनी वापरातली ठेवली आणि सोडली ती आजोबांची. इथल्या मिस्त्रीचा हात लागलेल्या बंदुका याच.

आता वस्तू. नळ्या उतरवल्यावर खालच्या सपाट भागावरचे ठसे आधी वाचा. पट्टीवरचं नाव झाकून ठेवलं तरी चालेल. ते नाव अनेकदा विक्रेत्याचं असतं. कलकत्त्याची मँटन किंवा रॉडा, मद्रासची ऑर ही मोठी दुकानं विलायतेतून माल मागवून स्वतःचं नाव घालून विकत. ठसे मात्र नळीची ताकद तपासणाऱ्या चाचणीगृहाचे असतात आणि ते दुकानाच्या सोयीनं बदलत नाहीत. मुकुटाखाली गुंफलेली जीपी ही अक्षरं आणि मुकुटाखाली व्ही असेल तर चाचणी लंडनची. मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड आणि बाजूला अक्षरं असतील तर बर्मिंगहॅमची, १९०४च्या आधीची. मुकुटाखाली बीपी, बीव्ही अशी जोडी १९०४ ते १९५४ची. त्यानंतर एकच बीएनपी. "नॉट फॉर बॉल", म्हणजे एकेरी गोळीसाठी नाही, असं लिहिलेलं असेल तर नळी १८७५ ते १८८७ या बारा वर्षांतली. अंडाकृतीत ईएलजी ही अक्षरं म्हणजे बेल्जियमचं लिएज, आणि त्या अंडाकृतीवर मुकुट असेल तर १८९३ नंतरचं. इंग्रजी वाटणाऱ्या नावाखाली लिएजचा ठसा निघणं हे या कामात रोजचंच आहे.

या ठशांवरून मिस्त्री सापडत नाही. पण त्याच्या हातात बंदूक आली तेव्हा ती कशी होती, ही रेघ आखली जाते. त्यानंतर जे वेगळं दिसेल ते कुणीतरी केलेलं. उदाहरणार्थ ठशात १२ हा आकडा असेल तर नळीचा आतला व्यास चाचणीच्या वेळी निदान ०.७२९ इंच होता. १३/१ असेल तर निदान ०.७१९. तो व्यास मागच्या टोकापासून नऊ इंचांवर मोजायचा, कारण चाचणीगृह तिथंच मोजत असे. आज तिथं दहा-बारा हजारांश इंच जास्त भरत असेल तर गंजाचे खड्डे काढायला कुणीतरी आतून नळी घासली आहे. हे काम आरशासारखं एकसारखं झालेलं असेल तर हात तयार कारागिराचा. मध्ये ढगाळ पट्टे आणि लाटा दिसत असतील तर घाईतलं काम. अशी नळी पाहिल्यावर मालकाला स्पष्ट सांगा, की ही वाढ मूळ चाचणीच्या मर्यादेबाहेर गेलेली असू शकते, तज्ज्ञानं भिंतीची जाडी मोजल्याशिवाय ती वापरू नये. आपण इतिहासासाठी गेलो असलो तरी हे सांगणं आपलं कर्तव्य आहे.

नळ्यांचा जोड तपासायला साधी रीत आहे. नळ्या वेगळ्या करून खालच्या हुकाला दोरी बांधून लोंबत ठेवायच्या आणि लाकडाच्या दांडीनं हलकं वाजवायचं. घंटेसारखा लांब आवाज आला तर पट्ट्यांचं झाळकाम शाबूत. भद्द आवाज आला तर पट्टी कुठंतरी सुटली आहे. इथं मिस्त्रीच्या ज्ञानाची खरी परीक्षा दिसते. नळ्यांना काळा रंग दोन पद्धतींनी येतो. जुनी पद्धत सावकाश गंज चढवण्याची: गंज धरू द्यायचा, उकळत्या पाण्यातून काढायचं, तारेच्या ब्रशनं झाडायचं, आणि असे अनेक हात द्यायचे. नवी पद्धत गरम कॉस्टिकच्या हौदात बुडवण्याची, जी तासाभरात होते. पण दुनळीच्या पट्ट्या कथलाच्या मऊ झाळकामानं बसवलेल्या असतात आणि कॉस्टिक ते कथील खातं. रंग सुंदर येतो, दोन-चार वर्षांनी पट्टी सुटते, आणि दोष मालकाच्या हाताळणीवर जातो. म्हणून दुनळीवर मऊ, किंचित तपकिरी झाक असलेला, हाताला रेशमासारखा लागणारा काळा रंग आणि शाबूत झाळकाम एकत्र दिसलं, की समजावं, हा माणूस घाई करणारा नव्हता. पट्टीवरच्या अक्षरांच्या कडाही बघा. पुन्हा रंग देण्याआधी नळी घासावी लागते. चांगला मिस्त्री अक्षरांभोवती हात आवरता घेतो. कडा गोल झाल्या असतील तर त्यानं नळी पॉलिशच्या चाकावर धरली.

दस्ता हा या शोधाचा गाभा आहे. मापानुसार बंदूक करून देणं म्हणजे मुख्यतः दस्ता करून देणं, आणि दस्त्याची मापं म्हणजे गिऱ्हाइकाच्या शरीराची मापं. चार मापं घ्यायची. पहिलं, पुढच्या चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतची लांबी. विलायती बंदुकीत ती साधारण साडेचौदा ते पावणेपंधरा इंच असते. दुसरं आणि तिसरं माप उताराचं: नळ्यांमधल्या पट्टीवर सरळ पोलादी फूटपट्टी ठेवून ती मागे दस्त्यावर येऊ द्यायची, आणि तिथून गाल टेकतो त्या कडेपर्यंत व टाचेपर्यंत खाली किती अंतर आहे ते मोजायचं. विलायती मापं साधारण दीड आणि सव्वादोन इंचांच्या आसपास. चौथं, दस्ता मधल्या रेषेपासून उजवीकडे किंवा डावीकडे किती वळवला आहे. उजव्या खांद्याच्या माणसासाठी तो इंचाच्या आठव्या ते चौथ्या भागाइतका उजवीकडे असतो. डावीकडे वळलेला दस्ता म्हणजे गिऱ्हाईक डावखुरं. घरात कुणी डावखुरं होतं का, हे मग विचारता येतं, आणि उत्तर "हो" आलं की ती बंदूक कुणासाठी केली हे जवळपास ठरतं.

दस्ता मागून कापून आखूड केला असेल तर त्यात फार कसब नाही. नव्यानं घडवला असेल तर लाकूड बघा. विलायती दस्ता अक्रोडाचा असतो. आपल्याकडे अक्रोड महाग आणि लांबचा, म्हणून शिसम, आणि मध्य प्रांतात हाताशी होतं म्हणून सागवान. शिसम जड असतं, त्यामुळे बंदुकीचा तोल बिजागरीच्या खिळ्यावरून मागे सरकतो. जाणकार मिस्त्री दस्त्याच्या मागच्या टोकातून आत दोन खोल भोकं पाडून वजन काढतो आणि वर पत्रा किंवा शिंगाची चकती बसवतो. ती चकती काढल्यावर भोकं दिसली तर लगेच हर्ष नको. विलायतेतही हे करत. पण लाकूड शिसम आणि भोकं हातगिरमिटाची असतील तर ते काम इथलंच. सागवानाचा त्रास वेगळा. त्यात अंगचं तेल असतं, सरस नीट धरत नाही, आणि तंतू भरड असल्यानं पकडीसाठीची बारीक जाळी कोरताना टोकं तुटतात. विलायती दस्त्यावर पकडीच्या जाळीत इंचाला वीस ते चोवीस रेघा भरतात. सागवानावर तेवढ्या बारीक रेघा काढायला गेलेला मिस्त्री हळूहळू चौदा-सोळावर येतो. रेघा मोजा. दोन टोकांना, दोन्ही बाजूंना. कडेची चौकट एका रेषेची की दोन रेषांची, कोपऱ्यात रेषा एकमेकींच्या पुढे गेल्या आहेत का, हेही लिहा. ही सवय माणसाच्या सहीइतकी पक्की असते.

नागपूरच्या हवेनं दस्त्यावर आपली नोंद ठेवलेली असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे, जुलैत भिंतींना ओल. लाकूड दर वर्षी आकसतं आणि फुगतं, आणि तडा जातो तो बहुतेक कळ बसवलेल्या खोबणीच्या मागच्या कोपऱ्यात, कारण तिथं लाकूड सगळ्यांत पातळ. बंदूक नळी वर करून कोपऱ्यात उभी ठेवण्याची आपल्याकडची सवय याला हातभार लावते. नळीत घातलेलं तेल वर्षानुवर्षं खाली झिरपतं, लाकूड पिऊन काळं आणि मऊ पडतं. चांगल्या मिस्त्रीनं तडा जोडताना आधी तेल काढलेलं असतं, आत आडवी खुंटी किंवा पितळी पिन घातलेली असते, आणि ती बाहेरून दिसत नाही. दिसणारा खिळा ठोकलेला असेल तर ते काम दुसऱ्या कुणाचं समजून बाजूला ठेवा, निदान सध्यापुरतं.

आत गेल्यावर शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: चापाच्या पत्र्याची आतली बाजू, कळीच्या पत्र्याची आतली बाजू, चाप झाकणाऱ्या कमानीची लाकडात बसलेली शेपटी, दस्त्याच्या टोकाचं उघडं लाकूड आणि पुढच्या लाकडी तुकड्याची खोबण. पेन्सिलीनं लिहिलेली तारीख किंवा गिऱ्हाइकाचं आडनाव याच ठिकाणी मिळतं. नळ्यांच्या खाली बारीक आद्याक्षरं असतात, ती नळी घडवणाऱ्या विलायती कारागिराची. ती आपल्या मिस्त्रीची समजण्याची चूक फार होते. आपल्या माणसाची खूण ठोकलेल्या अक्षरांत बघावी. अक्षरठशांचा एक संच माणूस उभ्या आयुष्यात क्वचितच बदलतो. एखाद्या अक्षराचा पाय तुटलेला असला, एखादा आकडा तिरका बसत असला, तर तोच दोष वीस वर्षांच्या अंतरानं दोन वेगवेगळ्या बंदुकांवर सापडतो. माझ्या मते सहीपेक्षाही हा पुरावा जास्त भरवशाचा.

स्क्रूंच्या बाबतीत एक बारकावा. विलायती कारखान्याच्या स्क्रूची खाच अगदी बारीक असते आणि सगळ्या खाचा नळीच्या दिशेनं ओळीत थांबतात. इथं करून बसवलेल्या स्क्रूची खाच बहुधा रुंद, हॅकसॉच्या पात्याइतकी. आटे मोजून काळ ठरवता येतो, पण इथं हमखास फसगत होते. बीए (ब्रिटिश असोसिएशन) मालिकेतला शून्य नंबरचा स्क्रू ६ मिलिमीटर जाडीचा आणि १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा, आणि मेट्रिक सहाचा स्क्रूही तेवढाच. आट्यांचं अंतर मोजलं की दोन्ही सारखेच येतात, आणि १९३०च्या दशकातला स्क्रू १९६० नंतरचा ठरतो. फरक आट्याच्या कोनात आहे: बीएचा साडेसत्तेचाळीस अंश, मेट्रिकचा साठ. भिंगाखाली कोनमापाची पट्टी लावूनच निर्णय करा.

फोटो काढताना दिवा बाजूनं, जवळजवळ पृष्ठभागाला टेकून धरा. ठशाची सावली पडली की अक्षर वाचता येतं. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. ठसा उठावा म्हणून पॉलिश पेपर, ॲसिड, चुन्याची भुकटी यांतलं काहीही लावू नका. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरवली तरी पुरतं.

आता कागद. घरात बंदूक असते तिथं जुनी पावतीही बहुधा असते, परवान्याच्या पुस्तकात घडी करून. बिलावर तारीख नसेल किंवा पुसली असेल, तरी छापील पत्ता बरंच सांगतो. नागपूरची गंमत अशी, की शहर जागेवरच राहिलं आणि राज्य तीन वेळा बदललं. "नागपूर, सी. पी." (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) असेल तर २६ जानेवारी १९५०च्या आधीचा छापील कागद. "एम. पी." असेल तर त्यानंतरचा, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, कारण तोवर नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. "बॉम्बे स्टेट" असेल तर १ मे १९६० पर्यंतची साडेतीन वर्षं. पुढे महाराष्ट्र. रक्कम रुपये-आणे-पैत असेल तर १ एप्रिल १९५७च्या आधीची. "नये पैसे" असेल तर तिथून १ जून १९६४ पर्यंत. विक्रीकराचा नंबर असेल तर १९४७ नंतर, कारण सी. पी. अँड बेरार विक्रीकर कायदा त्या वर्षीचा. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतर.

समजा एका बिलावर छापलं आहे "एम. पी.", हातानं लिहिलं आहे ४७ रुपये ५० नये पैसे. चूक कुणाची? कुणाचीच नाही. छोटा दुकानदार हजार बिलं एकदम छापून घेतो आणि संपेपर्यंत वापरतो. छापील मजकूर सांगतो ते बिलबुक कधी छापलं, हातानं लिहिलेलं सांगतं ते काम कधी झालं. हे बिल १९५७ ते १९६४ मधलं, आणि दुकान १९५६च्या आधीपासूनचं. एका कागदातून दोन तारखा मिळाल्या.

दुकानाचं अस्तित्व तपासायला कलकत्त्याहून निघणाऱ्या थॅकरच्या वार्षिक डिरेक्टरीत नागपूर आणि कामठी, दोन्ही गावांखाली बघा. कामठीची छावणी १८२१ पासूनची, साहेबी गिऱ्हाईक तिथं होतं, त्यामुळे दुकान सीताबर्डीला आणि नाव कामठीखाली असंही होतं. एखाद्या वर्षी नाव नसेल तर धंदा बंद झाला असं समजू नका. डिरेक्टरीत सगळेच येत नसत. "बंदूक" या सदरात न मिळाल्यास सायकल, घड्याळ, शिवणयंत्र, कुलूप दुरुस्ती ही सदरं बघा. निव्वळ बंदुकांवर वर्षभर चूल पेटत नसे. हंगाम थंडीचा आणि उन्हाळ्याचा, पावसाळ्यात काम तुटपुंजं. १९११ पासून निघणाऱ्या हितवाद या वृत्तपत्राच्या जुन्या अंकांत जाहिराती शोधायच्या असतील तर म्हणूनच ऑक्टोबर ते डिसेंबरचे अंक आधी चाळा.

सरकारी दप्तरासाठी नागपुरातच पुराभिलेख विभागाची शाखा आहे. तिथं जाण्याआधी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, मध्य प्रांतात जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला कलेक्टर नव्हे, डेप्युटी कमिशनर म्हणत. सूचीत कलेक्टर शोधत बसलं तर काही हाती लागत नाही. दुसरी, १९५६ला राज्य फुटलं तेव्हा दप्तरंही वाटली गेली. जे नागपुरात नाही ते भोपाळला असू शकतं, आणि १९५६ नंतरचं मुंबईला. धोरणाच्या पातळीवरचा पत्रव्यवहार, म्हणजे परवाने कुणाला द्यावेत, किती द्यावेत हे, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याच्या कागदांत येतं. त्याची सूची अभिलेख पटल या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. नावं इंग्रजीत असल्यानं प्रत्येक नावाची पाच-सहा स्पेलिंगं आधीच लिहून न्या. विठोबा हा व्ही, डब्ल्यू, एक टी, दोन टी, शेवटी ए, शेवटी एएच अशा कुठल्याही रूपात भेटतो, आणि पुढे "मिस्त्री" कधी आडनाव म्हणून लागतं, कधी धंदा म्हणून. शिकलगार, लोहार, सुतार यांचंही तसंच.

अलीकडच्या परवान्यांसाठी माहितीचा अधिकार वापरता येतो. शहराचा परवाना अधिकारी आता पोलीस आयुक्त. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. "सगळी माहिती द्या" म्हटलं की अर्ज फेटाळला जातो. विचारायचं ते एवढंच: अमुक ते अमुक वर्षांत शस्त्र दुरुस्ती किंवा विक्रीचा परवाना असलेल्या दुकानांची यादी. खासगी माहिती म्हणून नकार आला तर कलम ८(३) दाखवा. वीस वर्षांपूर्वीच्या बाबींना तो अडसर लागू होत नाही. "अभिलेख नष्ट केला" असं उत्तर आलं तर नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीची प्रत मागा. त्या नोंदीत फाइलचा विषय आणि वर्षं असतात, आणि कधीकधी तेवढ्यावर काम भागतं. बंदूकमालकांची यादी मात्र मागू नका. ती मिळणार नाही, आणि मिळू नये हेच योग्य. कुणाच्या घरी शस्त्र आहे हे जगजाहीर करणं त्या घराला धोक्यात घालणं आहे. आपल्या टिपणातही मालकाचं नाव, पत्ता आणि बंदुकीचा पूर्ण नंबर वेगळ्या वहीत ठेवावा, लेखात नाही.

दुकानाची जागा कळली की नगर भूमापन कार्यालयातून त्या जागेची आखीव पत्रिका काढा. मालकी कुणाची होती, मिस्त्री भाडेकरू होता की घरमालक, वारस कोण लागले, हे तिथं मिळतं. वारसांकडे रोजकीर्द किंवा खतावणी असेल तर ती सोन्यासारखी. जुनी पानं मोडीत असतील, तर वाचणारा माणूस आधी गाठा, अंदाजानं वाचू नका. मोडीत आकडे आणि नावं यांतच सगळ्यात जास्त घोळ होतो.

आता आठवणी. वारसांना "आजोबा कसे होते" असं विचारलं की ठरीव उत्तरं येतात. त्याऐवजी विचारा: दुकानात कोणता वास यायचा? वस्तू घट्ट धरणारा व्हाइस कुठं बसवला होता, खिडकीकडे तोंड करून की भिंतीकडे? लाकूड कुठून यायचं? पावसाळ्यात काय काम करायचे? लहान मुलांना कशाला हात लावू देत नसत? सरस उकळल्याचा वास आठवला तर दस्ते घरात होत होते. "मोठ्या पातेल्यात नळ्या उकळायचे" असं कुणी सांगितलं तर ती गंज चढवण्याची जुनी पद्धत, आणि बंदुकीवर पाहिलेल्या रंगाशी ते जुळतं. शिकारीच्या गोष्टी भरपूर निघतील. त्यांतून तारीख, गाव आणि बंदुकीचं बोअर (नळीच्या व्यासाचा आकडा) तेवढं टिपा. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर या धंद्याचं गिऱ्हाईक बदललं. शिकारी गेले, पीक राखणारे शेतकरी आणि बँकेचे पहारेकरी उरले. मापानं दस्ता करून घेणारं गिऱ्हाईक संपलं ते तिथं. मिस्त्रीच्या शेवटच्या वर्षांतलं काम साधं, ठोकळ दिसत असेल तर त्याचा हात उतरला असं लगेच लिहू नये. त्याला तसं काम देणारं कुणी उरलं नव्हतं.

एखादी बंदूक एका मिस्त्रीच्या नावे कधी लिहायची, याचा माझा नियम कडक आहे. निदान तीन बंदुका हव्यात. तिन्हींत निदान तीन खुणा जुळायला हव्यात, जसं की जाळीची चौकट, तुटक्या अक्षराचा ठसा, खाचेची रुंदी. आणि तिघींपैकी एकीला तरी कागदाचा आधार हवा. दोनच असतील तर "बहुधा", एकच असेल तर "घरच्यांच्या सांगण्यानुसार" असं स्पष्ट लिहायचं. हे कंटाळवाणं वाटतं, पण एकदा चुकीचं नाव छापलं गेलं की दलाल ते उचलतात आणि पुढच्या प्रत्येक ठोकळ दस्त्याला तेच नाव चिकटतं. ज्या माणसाला जगताना नाव मिळालं नाही, त्याच्या नावावर दुसऱ्याचं वाईट काम चढवणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय.

तुलनेसाठी मध्यवर्ती संग्रहालयाच्या, म्हणजे आपल्या अजब बंगल्याच्या शस्त्रदालनात एक दुपार घालवा. तिथल्या तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुका आपल्या मिस्त्रीच्या आधीच्या पिढ्यांच्या आहेत, पण नळी लाकडात कशी बसवली, दुरुस्तीचा पत्रा कसा मारला, हे हात कुठून आले ते तिथं कळतं. काम पुरं झालं की टिपणांची आणि फोटोंची एक छापील प्रत विदर्भ संशोधन मंडळासारख्या संस्थेला द्या, एक वारसांना. पेन ड्राइव्हच्या भरवशावर राहू नका.

दस्ता परत बंद करताना प्रत्येक स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याच भोकात गेला पाहिजे. काढताना कागदावर बंदुकीची आकृती काढून स्क्रू त्या-त्या जागी टोचून ठेवले की घोळ होत नाही. आतलं पेन्सिलीचं अक्षर पुसू नका, त्यावर तेल किंवा वार्निश लावू नका. आणि आपण हे पाहिलं, अशी चिठ्ठी लिहून आत ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. ती ठेवू नका. नागपूरच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो, आणि दोन वर्षांत त्या पेन्सिलीच्या अक्षरावर बुरशी चढते.